सत्तावीस सेकंदांची मंजुरी

तोरिका नाइवालूच्या टेबलाच्या खणाला एक काळा दोरा बांधलेला असतो. सकाळी आल्यावर ती आधी दोरा पाहते, मग पर्स ठेवते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत तो दोन वेळा तुटलेला सापडला. एकदा उंदराने कुरतडला होता. दुसऱ्या वेळी काय झालं होतं ते ती सांगत नाही, पण त्यानंतर आठवड्याच्या आत तेव्हाच्या गोदामप्रमुखाची दुसऱ्या बेटावर बदली झाली.

फिजीतल्या सुवा शहराच्या वालू बे भागात वासावासा लाइनचं ऑफिस आहे. बाहेरच्या बेटांवर माल नेणाऱ्या चार बोटी, तीन गोदामं, एक शीतगृह. तोरिका विसाव्या वर्षी इथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. टेलिफोनच्या मागे भिंतीवर चाव्यांची फळी होती. चावी मागायला येणाऱ्याला ती आधी विचारायची, "कशाला?" उत्तर पटलं नाही तर चावी फळीवरच राहायची. कॅप्टन असो, मालक असो. संशय घेणं हा लोकांचा दुर्गुण असतो. तोरिकाला त्याचा पगार मिळत होता.

पुढे फळी गेली आणि संगणकाची सिस्टीम आली. कोणाला कुठलं दार उघडेल, कोण कुठली यादी पाहील, बोटीच्या मालपत्रकावर कोणाचा शेवटचा शिक्का बसेल, हे सगळं तिच्यात ठरवायचं होतं. ती बसवायला आलेल्या माणसाने तेव्हाच्या मॅनेजरना विचारलं, की कोणाला कशाची परवानगी आहे याची यादी कुठे मिळेल. मॅनेजर म्हणाले, "टेलिफोनवर." तोरिकाने एकशे चाळीस माणसांची नावं आणि दारं तोंडपाठ सांगितली. तेव्हापासून परवानग्या देण्याचं आणि काढण्याचं काम तिच्याकडे आलं.

नियम असा होता, की बदल एकाने करायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. मंजुरी देणारा माणूस होता इसिमेली, मालनोंद विभागाचा प्रमुख.

इसिमेली तिचा चुलतभाऊ. दोघांचे वडील सख्खे भाऊ, गाव कंदावू बेटावरचं एकच. तिथल्या रीतीने ही दोघं सख्खी बहीणभावंडंच, आणि बहीणभावंडं कळती झाली की एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्याकडे भाऊबहीण बोलत नाहीत म्हटलं की लोक आधी जमिनीचा तंटा शोधतात. इथे तसं काही नाही. हा आदर आहे. थट्टा नाही, प्रश्न नाही, हातातून हातात वस्तू नाही. तोरिका आणि इसिमेली शेवटचं बोलले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तो दहा.

तरीही काम उत्तम चालायचं, कारण दोघांच्या टेबलांमध्ये दयावतीचं टेबल होतं. दयावती नाउसोरीची. तिचे आजोबा ऊसमळ्यातले. ती गावातल्या लोकांसारखी फिजियन बोलायची. तिचं अधिकृत काम टपाल नोंदवण्याचं होतं.

"दया, त्यांना सांग, मुनेशला शीतगृहाची परवानगी मागितलीय ती कशासाठी ते लिहिलेलं नाही," इसिमेली खिडकीकडे पाहून म्हणायचा.

"नेई, ऐकलंत?" दया तोरिकाकडे वळायची. नेई म्हणजे आत्या. ऑफिसात धाकटी माणसं तोरिकाला तसंच म्हणतात.

"नाही."

"अहो, चार फुटांवर बसलाय तो!"

"तू सांगितलं नाहीस, तर मी ऐकलं नाही."

मग दया सगळं पुन्हा सांगायची, वर पदरचा मसाला घालून. "मोमो म्हणतायत, मुनेशला शीतगृहात सोडलं तर तो कोळंबीचा हिशेब पोटात ठेवेल." मोमो म्हणजे मामा; धाकटी माणसं इसिमेलीला तसं म्हणतात. तो हे बोललेला नसायचा. तोरिका कारण लिहायची. बदलाला मंजुरी मिळायला कधी अर्धा दिवस लागायचा, कधी दोन. दयाच्या जिभेवरून गेल्याशिवाय कंपनीत एकही दार उघडत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं. त्याच आठवड्यात दयाचे कागद आले आणि ती मुलाकडे ऑकलंडला गेली. तिच्या टेबलावर प्रिंटर ठेवण्यात आला. प्रिंटर बोलत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

*

या वर्षी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ब्रिस्बेनहून तपासनीस बाई येणार होत्या. कंपनीत पैसे घालू पाहणाऱ्या लोकांनी त्यांना पाठवलं होतं. सोमवारी तोरिका साफसफाईला बसली. सिस्टीममध्ये 'बंद' नावाचा गट होता. त्या गटात ज्याचं नाव जाईल त्याला सगळीकडे मनाई. आणि सिस्टीमचा एक नियम पक्का होता: मनाई परवानगीपेक्षा मोठी. एखाद्याला दहा ठिकाणांहून परवानगी असली आणि एकाच ठिकाणाहून मनाई असली, तर मनाई जिंकते.

सोडून गेलेल्या हंगामी कामगारांची नावं एकेक करून 'बंद'मध्ये टाकायची, तर साठ नावं होती. तोरिकाने 'हंगामी' हा अख्खा गटच उचलून 'बंद'मध्ये टाकला. वेळ चार पन्नास. मंजुरीसाठी पाठवला. सत्तावीस सेकंदांत इसिमेलीची मंजुरी आली.

तिने सेकंद मोजले. ती नेहमी मोजते. साठ नावं सत्तावीस सेकंदांत वाचून होत नाहीत, हे तिला कळत होतं. गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि ती दर वेळी मनात म्हणायची, हे वाचत नाहीत की वाचायचं टाळतात? विचारायची सोय नव्हती. पर्स उचलून ती बसला गेली.

सकाळी सहाला सिस्टीम नव्या नोंदी लागू करते. सात वाजता शीतगृहाच्या दारात स्टोअरकीपर मुनेश कार्ड दाखवून थकला. दिवा लालच. मग गोदाम, मग संगणक. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ: आपल्याला परवानगी नाही. मॅनेजर रविनेशला परवानगी नव्हती. तोरिकालाही नव्हती. साडेआठला फिलिपा हॅलोरन नावाच्या तपासनीस बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना पाहुण्यांचं कार्ड देण्याची परवानगीही कोणाला नव्हती. मुनेशने दाराला वीट लावून त्यांना आत घेतलं.

"सगळेच चोर ठरलो, मॅडम," तो म्हणाला. "या, तुम्हीच एक सज्जन."

कंदावूची बोट दुपारी बाराची होती. मालपत्रकावर शिक्का बसल्याशिवाय बंदरातून बोट सुटत नाही.

रविनेशने तोरिकाच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात विचारलं, "नेई, कालचा शेवटचा बदल कोणाचा?"

"माझा."

"आणि मंजुरी?"

तिने प्रिंटरच्या पलीकडे मान हलवली.

"दोघांनी मिळून?" फिलिपाबाईंनी विचारलं. त्या वहीत लिहीत होत्या. तोरिका म्हणते, त्या बाईने 'मिळून' हा शब्द ज्या रीतीने उच्चारला, तेव्हाच तिला समजलं की प्रकरण दाराकुलपांपुरतं राहणार नाही.

*

अशा दिवसासाठी एक उपाय केलेला होता. सिस्टीममध्ये एक राखीव खातं होतं. त्याला मनाई लागू होत नाही. त्याचा लांबलचक पासवर्ड दोन तुकड्यांत ठेवलेला, दोन बंद पाकिटांत. एक तोरिकाकडे, एक इसिमेलीकडे. दोघांनी एकामागून एक आपापला तुकडा टंकायचा, दुसऱ्याने पाहायचं नाही. तीनदा चुकलं तर ते खातंही कायमचं बंद, आणि मग सिस्टीम बनवणाऱ्यांकडून माणूस येईपर्यंत आठवडा जाणार. वर्षातून एकदा याची तालीम करायची असं कागदावर होतं. शेवटची तालीम दया असताना झाली होती.

तोरिकाने दोरा तपासला, खण उघडला, पाकीट काढलं. इसिमेली कपाटातून आपलं घेऊन आला आणि थेट संगणकासमोर बसला. तोरिका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याचं टंकून झालं तसा तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला, मग ती बसली.

"चांगली शिस्त आहे," फिलिपाबाई रविनेशला म्हणाल्या. "एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत."

रविनेश सुव्यातच वाढलेला. त्याला कारण माहीत होतं. पण ब्रिस्बेनच्या बाईला या दिवशी नवं काही सांगण्यात त्याला धोका वाटला.

पडद्यावर उत्तर आलं: चूक. दोन प्रयत्न शिल्लक.

 तोरिकाने स्वतःचा तुकडा तीनदा वाचून टंकला होता. म्हणजे चूक त्याची. आणि चूकच, की आणखी काही? खातं उघडलं की कालच्या आणि त्याआधीच्या सगळ्या नोंदी दिसणार होत्या. ते दिसू नये असं कोणाला वाटत असेल? तिला स्वतःच्या विचाराची लाज वाटली, पण तिने तो सोडून दिला नाही.

इसिमेली दारात येऊन थांबला. फिलिपाबाई मधल्या टेबलाशी, प्रिंटर सरकवून, वही घेऊन बसल्या होत्या.

"मिस हॅलोरन," तोरिका म्हणाली, "त्यांना विचारा, त्यांच्या कागदाची फाटलेली कड कोणत्या बाजूला आहे?"

"ते इथेच उभे आहेत. तुम्हीच विचारा ना."

"तुम्ही विचारा."

बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मिस्टर इसिमेली, तुमच्या कागदाची फाटलेली कड?"

"डावीकडे," इसिमेली खिडकीला म्हणाला.

तोरिकाने आपला कागद घडी घालून वर धरला. त्याची फाटलेली कड उजवीकडे होती. पासवर्ड दयाने एका कागदावर लिहिला होता आणि मधून फाडून दोघांना दिला होता. डावा तुकडा तोरिकाचा, म्हणजे तो आधी. इसिमेली आधी बसला तो पुरुष म्हणून आणि सवयीने. दया असती तर खेकसली असती, "मोमो, उठा, आधी नेई."

"मग त्यांना सांगा," तोरिका म्हणाली, "आधी मी."

अकरा वाजून वीस मिनिटांनी खातं उघडलं.

नवशिका असता तर त्याने घाईघाईने सगळं पूर्ववत करायला घेतलं असतं. तोरिकाने आधी आहे त्या बिघडलेल्या स्थितीची प्रत काढून ठेवली. मग बाकीचे सगळे बदल गोठवले. मग शोधायला बसली, की साठ हंगामी कामगारांना मनाई केल्यावर एकशे ऐंशी माणसं बाहेर कशी पडली. कारण पाचच मिनिटांत सापडलं. 'हंगामी' गटाच्या पोटात आणखी एक गट होता: 'सर्व कर्मचारी'. हंगामीला मनाई, म्हणून त्याच्या पोटातल्या सगळ्यांना मनाई.

तिने 'सर्व कर्मचारी' बाहेर काढला, पण लगेच सर्वांसाठी लागू केला नाही. आधी एकट्या मुनेशवर करून पाहिला.

"जा, शीतगृहाचं दार बघ."

"मीच का? मेलो तर?"

"तू मेलास तर बाकीचे वाचतील. जा."

पाच मिनिटांनी तो दोन्ही हात वर करून परत आला. "हिरवा! आणि कोळंबी थंड आहे, मोजून घ्या." मग डेपो, मग बंदर, मग ऑफिस. बोट तीनला सुटली.

*

बिघाड दुरुस्त झाला, आणि त्यानंतर प्रश्न सुरू झाले. 'सर्व कर्मचारी' हा गट 'हंगामी'च्या पोटात कोणी घातला? नोंद स्पष्ट होती. सहा वर्षांपूर्वी, वादळानंतरच्या गुरुवारी. बदल करणारी: तोरिका. मंजूर करणारा: इसिमेली. संपण्याची तारीख, जी मंजूर करणाऱ्याने टाकायची: रिकामी.

त्या आठवड्यात मदतीचा माल बिनमोल, म्हणजे भाडं न घेता, जात होता. ज्याचे हात मोकळे असतील त्याने माल चढवायचा आणि नोंदवायचा, म्हणून हंगामी गटाला बिनमोल माल सोडण्याची परवानगी दिली होती आणि सगळ्यांना त्यात घातलं होतं. आठ दिवसांसाठी. ते आठ दिवस सहा वर्षं चालू राहिले होते. एवढा काळ कंपनीतला कोणीही माणूस कोणाचाही माल फुकट बेटावर पाठवू शकत होता.

बुधवारी फिलिपाबाईंनी तोरिकाला एकटीला बोलावलं आणि एक आलेख समोर ठेवला. आडव्या रेघेवर वर्षं, उभ्या रेघेवर मंजुरीला लागलेला वेळ. सहा वर्षांपूर्वीपर्यंत रेघ डोंगरासारखी वरखाली. मग एकदम सपाट, तळाशी.

"आधी ते तुम्हाला प्रश्न विचारत होते," बाई म्हणाल्या. "दिवस दिवस. मग एका आठवड्यापासून पुढे एकही प्रश्न नाही. सरासरी एकतीस सेकंद. आणि त्याच आठवड्यात हे दार उघडलं गेलं. त्या आठवड्यात तुमच्या दोघांमध्ये काय ठरलं?"

"काही नाही."

"तुम्ही नातेवाईक आहात."

"हो."

"कंदावूच्या डेपोत पेनी नावाचा माणूस आहे. तुमचा जावई."

"हो."

"घरी कधी मिस्टर इसिमेलींशी कामाबद्दल बोलता?"

"कधीच नाही."

बाईंनी लिहून घेतलं, आणि तोरिकाला दिसलं की शब्दन्शब्द खरं असलेलं हे उत्तर कागदावर खोट्यासारखं दिसतंय.

ती खरं कारण सांगू शकली असती. सांगितलं असतं तर त्याचा अर्थ असा झाला असता, की सहा वर्षं दुसरे डोळे नव्हतेच. जिला प्रश्न विचारता येत नाहीत अशा बाईच्या कामावर कंपनीने पहारेकरी बसवला होता. मग दोघांपैकी एकाला जावं लागलं असतं. इसिमेलीची तीन मुलं शाळेत होती. नाही सांगितलं तर शुक्रवारच्या अहवालानंतर ती स्वतः जाणार होती, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना, आणि चोर म्हणून. रविनेशने तसं सांगितलंच होतं. "नेई, मी काही करू शकत नाही. शुक्रवारी त्या लिहितील ते."

दुपारी कँटीनमध्ये भाजी गुंडाळलेलं रोटी पार्सल घेऊन ती बसली, तर शेजारची दोन टेबलं मोकळी राहिली. मुनेश तेवढा समोर येऊन बसला.

"नेई, खरं सांगा, सहा वर्षं फुकट माल जात होता? आणि मला कोणी सांगितलं नाही? मी माझी सासू पाठवली असती."

तिला हसू आलं नाही. त्या रात्री झोप आली नाही, हे ती सांगत नाही. तिची मुलगी सांगते.

*

गुरुवारी सकाळी दहाला फिलिपाबाईंनी दोघांना एकाच खोलीत बोलावलं. तीन खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत त्या स्वतः बसल्या. वही बंद होती.

"मंगळवारी," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला एक प्रश्न विचारायला लावलात. चार फुटांवरच्या माणसाला. मी ते दोन दिवस डोक्यात घोळवतेय. काल मी शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना विचारलं, या दोन टेबलांमध्ये प्रिंटरच्या आधी काय होतं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं."

त्यांनी मोबाइल गुडघ्यावर ठेवला. ऑकलंडहून दयावतीचा आवाज आला, मागे नातवंडांचा गोंगाट.

"नेई? मोमो? दोघं एका खोलीत? देवा, कोण मेलं?"

"कोणी नाही, दया," तोरिका म्हणाली. "वादळाच्या आठवड्यातलं आठवतंय? मी तुला सांगितलं होतं, त्यांना सांग, आठ दिवसांनंतरची तारीख टाका."

"हो ना. आठवतंय. मी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं. वीज जात-येत होती, मोमो बंदरावर होते. त्यांच्या पडद्यावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी माझा निरोप होता, बकऱ्याचं मटण होतं... मी तोंडाने सांगितलं नाही बहुतेक. चिठ्ठी चिकटवली, नक्की."

"मी चिठ्ठी पाहिली नाही," इसिमेली म्हणाला.

"खिडक्यांना काचा नव्हत्या मोमो त्या आठवड्यात," दया म्हणाली. "उडाली असेल."

फिलिपाबाईंनी फोन ठेवला आणि तोरिकाकडे वळल्या. "आता सांगा. मी त्यांना काय विचारू?"

तोरिकाने मांडीवरचे हात पाहिले. ते प्रश्न का विचारत नाहीत, हे तिला सहा वर्षं विचारायचं होतं.

"त्यांना विचारा, तारीख नव्हती हे महिन्याभरात त्यांना दिसलं असेल. मग का बोलले नाहीत?"

बाईंनी विचारलं. 

"त्यांना सांगा, दिसलं होतं. मला वाटलं, त्यांनी मुद्दाम ठेवलंय. पेनी नुकताच डेपोत लागला होता."

तोरिका म्हणाली, "त्यांना विचारा, मला चोर समजून सहा वर्षं शेजारी बसले?"

"मिस्टर इसिमेली, त्या म्हणतात..."

"मी ऐकलं," इसिमेली म्हणाला. तो नियम त्याने पहिल्यांदाच मोडला होता. मग सावरून, "त्यांना सांगा, मी त्यानंतर त्यांचं काही वाचलंच नाही. वाचलं नाही की साक्ष द्यावी लागत नाही. बहिणीविरुद्ध साक्ष देण्यापेक्षा मी आंधळा बरा होतो."

"आणि मी समजत होते," तोरिका म्हणाली, आता कोणाकडेच न पाहता, "दार त्यांनीच उघडं ठेवलंय... नाही, दार उघडं राहिल्याचं मला माहीतच नव्हतं. पण इतक्या पटकन मंजुरी देणारा माणूस काहीतरी लपवतोय, एवढं मला वाटत होतं. हेही त्यांना सांगा."

"विचारलं असतं तर तो आरोप झाला असता, असं सांगा त्यांना," इसिमेली म्हणाला.

"नाही विचारलं, तो काय होता? हे विचारा."

फिलिपाबाईंनी दोन्ही वाक्यं पोचवली नाहीत. त्यांनी वही उघडली आणि आपलं सांगितलं. दोन दिवसांत त्यांनी सहा वर्षांच्या बिनमोल मालाच्या सगळ्या नोंदी काढल्या होत्या. वादळानंतरच्या आठ दिवसांत चारशे बारा. नंतरच्या सहा वर्षांत एकही नाही. पेनीची नाही, कोणाचीच नाही. दार उघडं आहे हे कंपनीत एका माणसाला माहीत होतं, आणि त्याने त्याकडे पाठ फिरवली होती.

इसिमेलीने डोळे मिटले. तोरिका उठली, खुर्ची जागेवर सरकवली, आणि कामाला गेली. त्या दिवशी तिने प्रिंटरच्या पलीकडे एकदाही पाहिलं नाही. हा आदर होता की राग, ते ऑफिसात कोणाला सांगता आलं नाही. एरवीही ती पाहत नसे.

*

शुक्रवारच्या अहवालात फसवणूक नाही असं लिहिलं होतं. तात्पुरत्या प्रत्येक परवानगीला शेवटची तारीख टाकल्याशिवाय सिस्टीमने ती स्वीकारू नये. एका गटाच्या पोटात दुसरा गट असेल तर मंजुरीच्या वेळी पडद्यावर सगळी नावं दिसावीत. राखीव खात्याची तालीम दर सहा महिन्यांनी व्हावी. आणि चौथी ओळ, जी वाचून कंपनीत पैसे घालणारे चक्रावले असतील: मंजुरी देणारा आणि बदल करणारी यांच्यामध्ये एक माणूस बसवावा. त्याने दर वेळी किमान एक प्रश्न इकडून तिकडे न्यावा.

रविनेशने प्रिंटर कोपऱ्यात हलवला आणि मधल्या खुर्चीवर मुनेशला बसवलं.

"शीतगृहातून काढून मला तुमच्या दोघांमध्ये टाकलं," तो तोरिकाला म्हणाला. "तिकडे जरा ऊब होती."

सोमवारी तोरिकाने पहिला बदल पाठवला. 'हंगामी' गट रिकामा करून नव्याने भरला होता. या वेळी एकेक नाव, चाळीस माणसं, प्रत्येकाला शेवटची तारीख. नऊ दहाला पाठवला आणि घड्याळाकडे पाहिलं. सत्तावीस सेकंद गेले. दहा मिनिटं गेली. ती चहा घेऊन आली. एक तास झाला.

दहा पन्नासला मुनेश खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाला, जरा मोठ्यानेच, "नेई, मोमो विचारतायत, या गटात पेनी कसा?"

 तोरिकाचा चेहरा तापला.

"त्यांना सांग, आता तरी जावयाचा पिच्छा सोडा. पेनी कायम नोकर आहे, हंगामीत तो नाही."

मुनेश वळला, पुन्हा वळला. "मोमो म्हणतायत, एकतिसावी ओळ बघा."

तिने एकतिसावी ओळ पाहिली. पेनी तिथे होता. जुन्या यादीवरून उचलताना, तो कायम होण्याआधीच्या दिवसांतलं नाव तसंच आलं होतं. तिची चूक. सहा वर्षांत तिची एकही चूक कोणी पकडली नव्हती, आणि आता तिला कळलं की त्या वर्षांत किती झाल्या असतील ते कोणाला माहीत नाही.

पडद्यावर लाल अक्षरात शब्द आला: नामंजूर.

तिने पेनीचं नाव काढलं. मग, कोणी सांगितलं नसताना, उरलेली एकोणचाळीस नावं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, आणि आणखी एक काढलं.

"मुनेश," ती म्हणाली, "त्यांना सांग, दुसऱ्यांदा पाठवलाय. सावकाश बघा म्हणावं."